जुन्या मुखपृष्ठाची प्रतिकृती: पुण्यातल्या तीन प्रकारच्या प्रिंटसेवांचं परीक्षण

जुन्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ भिंतीवर हवं असेल तर अंक उसवू नका, प्रतिकृती करून घ्या. पुण्यात हे काम तीन प्रकारच्या ठिकाणी होतं. अप्पा बळवंत चौकापासून नारायण आणि सदाशिव पेठेपर्यंत पसरलेली डिजिटल प्रिंटची दुकानं, फोटो लॅब, आणि चित्रकार-छायाचित्रकार प्रदर्शनासाठी प्रिंट काढून घेतात ते पिगमेंट इंकजेटवाले (विरघळणाऱ्या रंगाऐवजी बारीक रंगकणांची, टिकाऊ शाई वापरणारे) स्टुडिओ. एकच मुखपृष्ठ तिन्हीकडे दिलं तर तीन वेगळी चित्रं हातात येतात. ती का वेगळी येतात आणि काउंटरवर काय सांगितलं की फरक पडतो, हे इथे सविस्तर दिलं आहे. दुकानांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. या कामात मशीनपेक्षा ऑपरेटर महत्त्वाचा, आणि एकाच दुकानात सकाळचा आणि संध्याकाळचा ऑपरेटर वेगळं काम काढतात.

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. फ्रेम करून वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर पिगमेंट इंकजेट, सुती कागदावर. चेहऱ्याच्या आणि त्वचेच्या मऊ छटा हेच चित्राचं बळ असेल आणि खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर फोटो लॅब. भेटकार्ड, संदर्भासाठी प्रत, शाळेच्या प्रदर्शनातला तक्ता यासाठी डिजिटल प्रिंट पुरेसं आहे. मात्र या तिन्हींच्या आधी येतं ते स्कॅनिंग, आणि पुण्यातल्या बहुतेक प्रतिकृती बिघडतात त्या तिथेच.

आधी आपण नक्की कशाची प्रत काढतो आहोत ते पाहू. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी वाचक अंक हातात घेताना आधी मुखपृष्ठ पाहत आला आहे. १९४५ मध्ये चित्रकार दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ सुरू केला आणि मुखपृष्ठ हीच त्या अंकाची ओळख झाली. चित्रकार रघुवीर मुळगावकरांच्या मुखपृष्ठांनी घराघरांत जागा मिळवली. १९५१ साली सुरू झालेल्या मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ने कागद कापून केलेल्या खिडक्या आणल्या. इकडे १९२० साली निघालेल्या किर्लोस्कर मासिकाचे संपादक शं. वा. किर्लोस्कर स्वतःच चित्रकार होते. १९७१ पासून बालभारतीचं ‘किशोर’ निघतं आहे. या सगळ्यांत वाचकाच्या हाती आली ती छापील प्रत. चित्रकाराच्या बोर्डवरचं मूळ चित्र वेगळं होतं. त्याचे ब्लॉक, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे झाले, पिवळा, लाल, निळा आणि कधी काळा असे रंग एकावर एक चढले, आणि त्यातून जे उतरलं ते मुखपृष्ठ. म्हणून प्रतिकृतीत त्या छपाईचा स्वभाव राहिला पाहिजे. ऑपरेटरला ‘चित्र सुधारून द्या’ असं कधीही सांगू नये. तो खरंच सुधारतो.

छपाईचा स्वभाव म्हणजे काय, ते दहापट भिंगातून लगेच दिसतं. ब्लॉकवर छापलेल्या जुन्या मुखपृष्ठातल्या स्त्रीच्या गालावर भिंग ठेवा. लांबून जी गुलाबीसर, मऊ त्वचा दिसते ती पिवळ्या आणि लाल ठिपक्यांची बनलेली असते; हनुवटीखालच्या सावलीत त्यांत निळे ठिपके मिसळतात. प्रत्येक ठिपक्याची कडा मधल्या भागापेक्षा गडद असते, कारण दाबाने शाई ठिपक्याच्या काठाकडे सरकते. पुढच्या काळातल्या ऑफसेट छपाईत ही गडद कड नसते, ठिपका सपाट असतो. अंक कुठल्या पद्धतीने छापला आहे ते ओळखायची ही सर्वांत सोपी खूण. फूटपाथवर किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात कुणी ‘जुना अंक’ म्हणून अलीकडची रंगीत प्रत देत असेल तर तेही याच भिंगाने कळतं. इंकजेटवर ठिपके ओळीत नसतात, विखुरलेले असतात. आणि जुन्या छपाईचा स्कॅन करून पुन्हा छापलं असेल तर मोठ्या ठिपक्यांच्या पोटात दुसरे बारीक ठिपके दिसतात.

आता स्कॅनिंग. पहिला प्रश्न विचारायचा तो स्कॅनर सीसीडी आहे की सीआयएस; हे स्कॅनरच्या सेन्सरचे दोन प्रकार. प्रिंटर, कॉपियर आणि स्कॅनर एकत्र असलेल्या यंत्रांत बहुधा सीआयएस असतो. त्याला काचेला चिकटलेलाच कागद स्पष्ट दिसतो. दोन-तीन मिलिमीटर वर उचललेला भाग धूसर आणि काळपट होतो. अंकाच्या कण्याजवळ मुखपृष्ठ असंच वर उचललेलं असतं. सीसीडी स्कॅनर एवढा उचल सांभाळून घेतो. दुकानात सीआयएसच असेल आणि अंक जाड, गोंदाने बांधलेला असेल तर तिथे स्कॅन करूच नका. तो सपाट करायला ऑपरेटर झाकणावर हात दाबतो आणि वाळलेल्या गोंदाचा कणा मधोमध तडकतो. अशा अंकाला वरून कॅमेऱ्याने टिपणं हाच मार्ग: अंक शंभर-एकशेवीस अंशांपर्यंतच उघडा, मागच्या पानांना आधार द्या, मुखपृष्ठ कॅमेऱ्याला समांतर ठेवा, आणि दोन दिवे दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत लावा. पिगमेंट प्रिंटवाल्या स्टुडिओंकडे ही व्यवस्था असण्याची शक्यता जास्त, कारण चित्रकारांची कॅनव्हास ते अशीच टिपतात.

मधल्या घडीत पिना मारलेला अंक असेल तर पिना काढून मुखपृष्ठ सुटं करायचा मोह होतो. गंजलेली पीन ओढली की भोकाभोवतीचा कागद सोबत येतो. काढायचीच असेल तर आतल्या बाजूने तिचे दोन पाय बोथट सुरीने आधी सरळ करा आणि मग बाहेरून उचला. गंजाचा डाग पुसायला जाऊ नका.

काचेवर ठेवण्याआधी अंक मऊ ब्रशने मधून कडेकडे झाडा. ओलं फडकं कधीच नाही. आर्ट पेपरवर चिनी मातीचा थर असतो. तो ओला झाला की सुटतो, दुसऱ्या पानाला चिकटतो आणि वाळला की दोन्ही पानं एक होतात. पावसात भिजलेल्या अंकांची पानं सुटत नाहीत ती याचमुळे.

रिझोल्यूशन ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० पिक्सेल) खाली नको. दुकानात सहसा ३०० वर स्कॅन करतात. कागदपत्रांसाठी ते ठीक आहे, मुखपृष्ठासाठी नाही. जुन्या मुखपृष्ठाची स्क्रीन, म्हणजे छपाईच्या ठिपक्यांची मांडणी, इंचाला १३३ ओळींची असेल तर ३०० वर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला जेमतेम सव्वादोन पिक्सेल येतात. ठिपक्यांची ओळ आणि पिक्सेलची ओळ एकमेकींत अडकतात आणि चेहऱ्यावर जाळी पडते, तिलाच मॉयरे म्हणतात. ही जाळी एकदा फाइलमध्ये बसली की नंतर निघत नाही. ६०० वर ठिपक्याला साडेचार पिक्सेल मिळतात आणि काम चालतं; स्क्रीन बारीक असेल तर १२०० करून घ्या. साडेसात बाय दहा इंचांचं मुखपृष्ठ ६०० वर घेतलं की साधारण २७ मेगापिक्सेलची, आठ बिटमध्ये ८० एमबीच्या आसपासची टिफ फाइल होते. ऑपरेटर ‘फाइल जड होईल’ म्हणेल. होऊ द्या. व्हॉट्सॅपवर जेपीईजी घेऊन घरी येऊ नका, पेन ड्राइव्ह न्या.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या आपोआप सुधारणा बंद करायला सांगा: ऑटो एक्स्पोजर, शार्पनिंग, धूळ काढणं, कडा कापणं. धूळ काढणारी सोय छपाईचे सुटे ठिपके धूळ समजून पुसते, विशेषतः फिक्या आकाशातले. कडा कापणारी सोय कोपऱ्यातली सही किंवा तळातली किमतीची ओळ खाते. चारही बाजूंनी निदान पाच मिलिमीटर जास्त घ्या. आणि मुखपृष्ठाच्या मागे काळा कागद ठेवा. आतल्या बाजूला बहुधा जाहिरात छापलेली असते. स्कॅनरच्या पांढऱ्या झाकणामुळे तिची अक्षरं पलीकडून उमटतात, काळ्या कागदाने ती दबतात. सोबत काचेवर एका कडेला राखाडी कार्ड ठेवलं तर पुढे रंग जुळवताना भांडायला आधार राहतो.

स्कॅनमध्ये ठिपके नीट आले की पुढे दोन वाटा आहेत. प्रतिकृती मूळ आकारातच हवी असेल तर ठिपके तसेच ठेवा, फक्त पिगमेंट इंकजेटवर. ६०० ची फाइल जशीच्या तशी छापली की ठिपके ठिपके म्हणूनच उतरतात आणि हातभर अंतरावरून प्रत मूळ मुखपृष्ठासारखी वाटते. आमच्या मते हीच सर्वांत प्रामाणिक प्रतिकृती. टोनरच्या (कोरड्या शाईच्या पुडीच्या) मशीनवर, म्हणजे डिजिटल प्रिंटच्या दुकानात, हे जमत नाही, कारण ते मशीन स्वतःची स्क्रीन टाकतं आणि स्क्रीनवर स्क्रीन बसली की पुन्हा जाळी. तिथे किंवा फोटो लॅबमध्ये द्यायचं असेल, किंवा चित्र मोठं करायचं असेल, तर ठिपके विरघळवावे लागतात: हलका ब्लर देऊन फाइल ३०० वर आणायची. यात एक काळजी घ्यायची. ब्लर अख्ख्या पानाला दिला तर अंकाचं नाव आणि वर्ष यांच्या कडा मेणासारख्या वितळतात. अक्षरांचा भाग निवडून तो मूळ थरातून तसाच ठेवायचा आणि फक्त चित्राला ब्लर द्यायचा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. स्कॅनरमधलं ‘डीस्क्रीन’ बटण अक्षरं आणि चित्र यांत फरक करत नाही, ते टाळा.

रंगाच्या बाबतीत तिन्ही प्रकारच्या दुकानांत एकच खोड आढळते: कागद पांढरा करणं. मूळ कागद वयाने पिवळसर झालेला असतो. ऑपरेटर कोऱ्या जागेवर क्लिक करून ती शुभ्र करतो. कागद पांढरा होतो खरा, पण त्यासाठी अख्ख्या चित्रातून पिवळा वजा होतो. केशरी पातळ गुलाबीकडे जातं, हळदीचा पिवळा लिंबासारखा होतो, आणि गव्हाळ त्वचा आजारी दिसायला लागते. दलालांसारख्या सपाट रंगांच्या मुखपृष्ठात हे अपघातासारखं डोळ्यांत भरतं, कारण तिथे रंगांचं एकमेकांशी असलेलं नातं हेच चित्र असतं. उपाय साधा: कागदाची छटा बरीचशी राहू द्यायची आणि फक्त काळा नीट बसवायचा. फार पिवळं वाटत असेल तर कण्याच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन लागलेलं नसतं तिथला कागद पाहायचा आणि पांढरेपणा तेवढाच न्यायचा, त्यापुढे नाही.

उन्हात राहिलेल्या अंकांचं दुखणं वेगळं. लाल आणि पिवळी शाई आधी उडते, निळी आणि काळी टिकते, म्हणून चित्र निळसर पडतं. इथे थोडी दुरुस्ती रास्त आहे, पण अंदाजाने नव्हे. घडीच्या आत दबलेली पट्टी किंवा दुसऱ्या अंकाखाली झाकला गेलेला कोपरा सापडला तर तिथला रंग शाबूत असतो, त्याच्यापर्यंतच चढवा. असा कोपरा नसेल तर फिकं राहू द्या. फिकी प्रत खरी असते, रंगवलेली प्रत ऑपरेटरची असते.

रंग हललेला असेल, म्हणजे लाल ठसा अर्धा मिलिमीटर बाजूला बसून पदराला लाल किनार आली असेल, तर ती पुसू नका. ती त्या छपाईची खूण आहे. पुसायला गेलं की ऑपरेटर शेजारचा रंग उचलून फासतो आणि चित्रकाराची रेघ जाते.

प्रूफ घेतल्याशिवाय पूर्ण प्रिंट सोडू नका. दोन इंच रुंद पट्टी पुरते, पण ती चेहरा, नावाचं एखादं अक्षर आणि कोरा कागद या तिन्हींवरून जाणारी हवी. पट्टी आणि मूळ अंक घेऊन दुकानाच्या दाराशी, सावलीतल्या उजेडात पाहा. आतल्या एलईडीखाली जुळलेले लाल आणि तपकिरी बाहेर आल्यावर वेगळे पडतात.

आता तिन्ही सेवांचं प्रत्यक्ष काम.

पेठांतल्या डिजिटल प्रिंटचा वेग आणि स्वस्ताई यांना तोड नाही. १३ बाय १९ इंचांच्या शीटवर, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) आर्ट कार्डवर काम हातोहात मिळतं. रेषेची, सपाट रंगाची, व्यंगचित्रांची मुखपृष्ठं इथे चांगली उतरतात. काळी रेघ ठसठशीत येते. कमजोरी आहे ती छटांत. मुळगावकरांच्या पद्धतीचं चित्र, जिथे कपाळापासून गालापर्यंत रंग एकदाही न तुटता उतरत जातो, तिथे टोनर पायऱ्या पाडतो. निळ्या-जांभळ्या रात्रीच्या आकाशातही तेच. शिवाय टोनर कागदावर बसतो, आत मुरत नाही. म्हणून गडद भाग चकाकतो आणि फिका भाग मंद राहतो. त्यावर ग्लॉस लॅमिनेशन सुचवतील. नको म्हणा, ट्यूबलाइट चित्रात दिसायला लागते. आर्ट कार्डाऐवजी गुळगुळीत, कोटिंग नसलेला, किंचित पिवळसर अडीचशे-तीनशे जीएसएम कागद मागा. जुन्या छपाईचा भास बराच जवळ येतो. खरखरीत, विणीचा कागद मात्र घेऊ नका, खोलगट जागी टोनर धरत नाही आणि पांढरे कण राहतात. भेटकार्ड करायचं असेल तर घडीवर आधी क्रीझिंग करून घ्या, म्हणजे दाब देऊन घडीची रेघ पाडून घ्या, नाहीतर गडद रंग घडीवर फुटतो. आणि दहा प्रती हव्या असतील तर एकाच वेळी काढा. उद्या तोच रंग मिळेलच असं नाही.

फोटो लॅबमध्ये ठिपके नसतातच, रंग सलग चढतो. त्यामुळे त्वचा, धुकं, दिव्याची प्रभावळ हे इथे सुंदर येतं, आणि त्या मानाने खर्च कमी. पण लॅबची दोन दुखणी आहेत. एक म्हणजे आपोआप होणारं करेक्शन. मशीन प्रत्येक चित्राला फोटो समजतं. पानभर केशरी मुखपृष्ठ दिसलं की जास्त झालं म्हणून ते थंड करतं. फाइल देतानाच ‘नो करेक्शन’ असं पाकिटावर लिहून घ्या आणि फाइल एसआरजीबी या प्रमाणित रंगपद्धतीत द्या. दुसरं दुखणं मापाचं. छाटून सव्वासात बाय साडेनऊ झालेलं मुखपृष्ठ ८ बाय १२ च्या कागदावर भरून बसवलं तर दोन्ही बाजूंचं मिळून इंचाहून जास्त चित्र बाहेर जातं, म्हणजे नावाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर. आपणच घरी संगणकावर ८ बाय १२ ची कोरी फाइल करून त्यात मुखपृष्ठ मधोमध बसवून न्यावं, म्हणजे मशीनला कापायला काही उरत नाही. ग्लॉसी कागद घेऊ नका, मॅट किंवा लस्टर (मंद चकाकीचा) घ्या.

पिगमेंट इंकजेटचं काम पाहिलं की बाकीची दोन्ही तडजोड वाटतात. सुती कागद तीनशे जीएसएमच्या आसपासचा, मंद, स्वतःच किंचित उबदार रंगाचा असतो. कागदाची जुनी छटा त्यात सहज मिसळते. पायऱ्या पडत नाहीत, ठिपके ठेवले तर ठिपके राहतात. पैसे मात्र डिजिटल प्रिंटच्या अनेक पट जातात आणि वेळही जास्त लागतो. कागद निवडताना अंकाचा काळ बघा. ब्लॉकवर छापलेल्या जुन्या अंकांना मॅट सुती कागद शोभतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या चकचकीत ऑफसेट मुखपृष्ठांचा काळा मॅट कागदावर करडा पडतो, त्यांना बरायटा (किंचित चकाकीचा फोटो-कागद) किंवा लस्टर घ्या. प्रिंट मिळाल्यावर लगेच काचेमागे घालू नका, एक दिवस उघड्यावर सुकू द्या. मॅट पृष्ठभागावर नखाचाही ओरखडा उमटतो. कडेला धरूनच उचला. या स्टुडिओंबद्दल एकच तक्रार करता येईल: काही ठिकाणी ऑपरेटर छायाचित्रांना सरावलेले असतात, ते सवयीने शार्पनिंग देतात आणि ब्लॉकचे ठिपके वाळूसारखे टोचायला लागतात. तेही आधीच नको सांगा.

सोनेरी शाई हा सगळीकडचाच अडसर. दिवाळी अंकाचं नाव सोनेरीत असेल तर स्कॅनर त्याला मातकट तपकिरी दाखवतो, कारण धातूची शाई उजेड एका दिशेने परतवते आणि तो स्कॅनरच्या डोळ्यात येत नाही. नेहमीच्या या तिन्ही मशीनवर खरं सोनं छापता येत नाही. तो भाग वेगळा निवडून गेरू आणि हळद यांच्या मधल्या सपाट रंगात छापणं हा उत्तम तोडगा आहे. संगणकावर चमक काढून टाकलेली खोटी झळाळी फार वाईट दिसते. हात स्थिर असेल तर प्रिंट झाल्यावर सोनेरी पोस्टर कलर पातळ करून अक्षरांवर ब्रशने चढवा; सुती कागदावर तो छान बसतो.

‘आवाज’सारख्या खिडकीच्या मुखपृष्ठाला वेगळी तयारी लागते, आणि ती कुणी करत नाही म्हणून प्रतिकृती निर्जीव होतात. बंद खिडकीतून आतल्या पानाचा एक तुकडा दिसतो आणि डोकं भलताच अर्थ लावतं. खिडकी उघडली की पूर्ण चित्रात तो तुकडा काहीतरी निरागसच निघतो. नुसतं बंद मुखपृष्ठ स्कॅन केलं तर गंमतच मरते. तीन स्कॅन घ्या: खिडकी बंद, खिडकीमागे काळा कागद घालून फक्त वरचं पान, आणि मग आतलं पान पूर्ण. पहिल्या स्कॅनमध्ये कापलेल्या कडेची सावली एका बाजूला पडते. अंक उलटा फिरवून पुन्हा घ्या आणि कमी सावलीचा ठेवा. प्रिंट दोन करायचे. वरच्या प्रिंटमधली खिडकी नव्या पात्याच्या कटरने, स्टीलची पट्टी धरून कापायची, कोपऱ्यापासून मध्याकडे, म्हणजे कोपरे फाटत नाहीत. लेझर कटिंग स्वच्छ येतं पण सुती कागदाची कड तपकिरी करतं. दोन प्रिंटमध्ये दोन मिलिमीटर जाडीच्या फोमच्या पट्ट्या ठेवल्या की खिडकीला खोली येते. वरचा प्रिंट एका बाजूने बिजागरीसारखा ठेवला आणि फ्रेम पुढून उघडणारी केली तर पाहुणे स्वतः उघडून बघतात.

फ्रेमवाल्याला सुरुवातीलाच बजावा: चिकटवायचं नाही. फेविकॉल लावून पुठ्ठ्यावर किंवा गरम लॅमिनेशनने एमडीएफवर बसवणं ही सर्रास पद्धत आहे. पहिल्याच पावसाळ्यात पुण्याची ओल आत शिरते आणि प्रिंटला फुगे येतात. प्रिंट वरच्या कडेला दोन ठिकाणी जपानी कागदाच्या पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने टांगायचा. आम्लरहित माउंट (प्रिंट आणि काच यांमधली पुठ्ठ्याची चौकट) घ्या आणि प्रिंट काचेला टेकणार नाही इतकी त्याची जाडी ठेवा. माउंटची खिडकी मुखपृष्ठापेक्षा तीन-चार मिलिमीटर मोठी कापून घ्या. अंकाची छाटलेली कड दिसली पाहिजे, तिच्यामुळेच ते चित्र मुखपृष्ठ म्हणून कळतं. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा म्हणजे भिंत आणि फ्रेम यांमधून हवा खेळते. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका. मूळ अंक परत आल्यावर पॉलिएस्टरच्या पिशवीत, आडवा ठेवा. स्टेशनरीत मिळणाऱ्या वास येणाऱ्या पीव्हीसी फोल्डरला काही वर्षांनी शाई चिकटते.

हक्कांविषयी थोडक्यात. स्वतःच्या घरासाठी एक प्रत काढणं वेगळं आणि त्या प्रती विकणं वेगळं. आपल्या कायद्यात चित्राचा हक्क चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं राहतो. दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांना २०३१ अखेरपर्यंत संरक्षण आहे. मुळगावकर १९७६ मध्ये गेले, तिथे २०३६ अखेर. हक्क वारसांकडे की प्रकाशकाकडे, हे त्या वेळच्या व्यवहारावर ठरतं. विक्रीसाठी, कॅलेंडरसाठी किंवा दुकानाच्या सजावटीसाठी छापायचं असेल तर परवानगी आधी.

काम घेऊन निघताना चार गोष्टी मागून घ्या: न सुधारलेली मूळ टिफ, छपाईसाठी तयार केलेली फाइल, वापरलेल्या कागदाचं नाव आणि जीएसएम, आणि पसंत केलेली प्रूफची पट्टी. पट्टीच्या मागे पेन्सिलीने अंकाचं नाव, वर्ष आणि चित्रकाराचं नाव लिहून ती फ्रेमच्या पाठीला पाकिटात ठेवा. दुसरी प्रत काढायची वेळ आली तर ऑपरेटर कुणीही असो, रंग जुळवायला ती पट्टी त्याच्यासमोर ठेवता येते.